विषम आकड्यांची घड्याळं

माणसं विसरतात, थापा मारतात, मरतात. आकडे यातलं काहीही करत नाहीत! हे वाक्य संशोधक दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. संशोधक हे नाव त्यांना बायकोने ठेवलेलं, आणि कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. या माणसाने हयातभर घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचले. निवृत्तीनंतर वाचायला मीटर उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घड्याळं धरली. तीही केव्हाच बंद पडलेल्या एकाच कारखान्याची, करड्या काचेची जुनी डिजिटल घड्याळं.

अशी एकूण किती घड्याळं बनली, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणाचं अडलंही नव्हतं. पण प्रत्येक घड्याळाच्या पाठीवर एक नंबर होता, आणि संशोधकांनी अकरा वर्षं पत्रं लिहून, अनोळखी लोकांची मनगटं उलटीपालटी करून चारशे बारा नंबर जमवले. सगळ्यात मोठा एकोणचाळीस हजारांच्या वरचा. म्हणजे घड्याळं झाली चाळीसेक हजार. पण एक गोम होती. चारशे बाराच्या चारशे बारा नंबर सम! विषम औषधालाही नाही!

"विषम घड्याळं कारखान्याने आपल्याच माणसांत वाटली," त्यांनी बायकोला सांगितलं.

"किती माणसं होती कारखान्यात?"

"साठ."

"आणि घड्याळं वीस हजार! अहो, एकेकाला हात तरी किती होते?"

हा प्रश्न संशोधकांनी वहीत नोंदवला नाही.

रविवारी घड्याळप्रेमींच्या मंडळात याच विषयावर त्यांचं व्याख्यान होतं आणि पुराव्याला एक तरी विषम घड्याळ हवं होतं. तेव्हा त्यांना सख्खी आत्या आठवली. आत्या त्याच कारखान्यात, घड्याळांवर नंबर मारायच्या टेबलावर कामाला होती. अकरा वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं, कारण माणसं विसरतात! आता ती हॉस्पिटलमध्ये होती आणि डॉक्टरांनी दोन-चार दिवसांचीच आशा दिली होती.

"आता तरी भेटून या," बायको म्हणाली.

"हा निघालोच!" म्हणत त्यांनी खिशात भिंग टाकलं.

वॉर्डात आत्या झोपली होती. हाडांना नुसती कातडी चिकटलेली, आणि त्या काडीसारख्या मनगटावर त्याच कारखान्याचं घड्याळ. आपण इतकी वर्षं का आलो नाही, असं संशोधकांना वाटलं. पण नंबर मनगटाच्या बाजूला होता. त्यांनी हलकेच पट्टा सोडवला, आणि सोडवताना बोट बटणावर पडलं. टीट्-टीट्! टीट्-टीट्!

पलीकडच्या खाटेवरच्या बाई किंचाळल्या. "नर्स! मशीन वाजतंय! गेल्या त्या!" दोन नर्स धावत आल्या, मागून डॉक्टर आले आणि घाईघाईत त्या किंचाळणाऱ्या बाईंचीच छाती तपासू लागले. आतेबहीण चहा घेऊन दारात उभी. तिने पाहिलं ते दादाच्या हातातलं घड्याळ.

"दादा! अरे, अजून जिवंत आहे ती!"

"मी फक्त नंबर बघत होतो गं!"

"तीन वर्षांनी आलास आणि घड्याळ काढतोस?"

या गोंधळाने आत्या जागी झाली. "आलास का रे बाळा!" सत्तर वर्षांच्या बाळाने मान खाली घातली. आत्या मात्र हसली. "घे तुला. शेवटचं घड्याळ आहे ते. चाळीस हजारावं! कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी स्वतः हातात बांधलं. या हातांनी चाळीस हजार घड्याळांवर नंबर मारलेत, बाळा."

संशोधकांनी भिंग लावलं. ४००००. हाही सम! "आत्या, मग विषम नंबर कुठे गेले गं?"

"कोण जाणे. नंबर मारायचं मशीन मेलं अडायचं. आधी एकदा टेबलाच्या लाकडावर दाबायचं, मग सुटायचं. मग घड्याळावर दाबायचं."

"म्हणजे प्रत्येक दाबाला आकडा एकने पुढे, आणि दर दुसरा नंबर लाकडावर! म्हणजे वीसच हजार!"

ते जवळजवळ ओरडलेच. आत्याचं हसू मावळलं. "काय वीस?"

आकड्याचं कोडं सुटलेला माणूस गप्प कसा बसणार? त्यांनी बोटांवर मोजत सगळं समजावून सांगितलं. आत्या छताकडे बघत राहिली.

"मालक रोज मशीनवरचा आकडा फळ्यावर लिहायचे," ती बारीक आवाजात म्हणाली. "जन्मात एवढी एकच मोठी गोष्ट केली म्हणून सगळ्यांना सांगत आले. तीही निम्मीच?"

आतेबहिणीने त्यांच्याकडे असं बघितलं, की आत्याच्या आधी तेच जातात की काय!

"नाही नाही, चुकलं माझं!" संशोधक घाबरून म्हणाले. "विषमही आहेत! मी पाहिलीत ना! एकशे सदतीस!"

"खरंच?"

"तुझ्या गळ्याची शपथ, आत्या!"

तोंडातून गेलं ते गेलं. आत्याने समाधानाने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

जाणारच होती, डॉक्टर म्हणाले. "तुझ्या शपथेने तिला फार बरं वाटलं रे," आतेबहीण रडत म्हणाली. संशोधकही रडले, अगदी लहान मुलासारखे. घरी आल्यावर त्यांनी बायकोला त्या खोट्या शपथेसकट सगळं कबूल केलं.

रविवारी व्याख्यान झालं. आईच्या कामाबद्दल ऐकायला आतेबहीण दुसऱ्या रांगेत येऊन बसली होती. संशोधकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि जन्मात दुसऱ्यांदा आकडा खोटा सांगितला. "एकूण घड्याळं चाळीस हजार!" टाळ्या पडल्या. मग मंडळाचे खजिनदार उठले. त्यांना सगळ्याचाच संशय यायचा.

"विषम नंबरचं घड्याळ तुम्ही स्वतः पाहिलंय? शपथेवर सांगा!"

संशोधकांनी घसा खाकरला, हात वर केला, तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बायको ताडकन उभी राहिली.

"अहो, माझी घेऊ नका हं!"