काश्यपगोत्री जोनस

डब्लिन विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने अप्पांना विचारलं, "इथे कशासाठी आलात?" अप्पांनी त्याच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली, चष्मा नीट केला आणि उलट त्यालाच विचारलं, "युअर ग्रँडफादर्स गुड नेम, प्लीज?"

मी शेजारीच उभी होते. सुट्टी संपवून पुण्याहून परत येत होते आणि "अप्पांना सोबत घेऊन ये गं" असं मृणालताईने सांगितलं होतं. आता दोघांनाही परतीच्या विमानात बसवतात, असं मला वाटलं. पण अधिकाऱ्याने हातातला शिक्का खाली ठेवला.

"पॅट्रिक," तो म्हणाला. "मेयो परगण्यातला."

"अँड हिज फादर?"

"तोही पॅट्रिक."

"बघ," अप्पा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "आपण आजोबांचं नाव नातवाला ठेवतो. इथे बापाचंच मुलाला. नोंद घ्यायला हवी." मागे रांग खोळंबली होती. अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि पासपोर्ट परत देताना आपली आजी कुठली हेही आपण होऊन सांगितलं.

अप्पा म्हणजे मृणालताईचे वडील. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये ती आणि तिचा नवरा केदारदादा यांच्या घरात मी एक खोली भाड्याने घेऊन राहत होते. अप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी घराण्याच्या कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलं. कोकणापासून बेळगावपर्यंत हिंडून, अनोळखी लोकांच्या ओसरीवर बसून त्यांनी हजारो मेलेल्या माणसांना ओळीत उभं केलं. पुस्तक छापून झालं, प्रकाशन झालं, पण अप्पांची सवय काही सुटली नाही. समोरच्याने एक नाव सांगितलं की ते म्हणत, "वर जा." दुसरं सांगितलं की पुन्हा, "वर जा." आणि कुणी ऐकीव गोष्ट सांगू लागलं की हात वर करून थांबवत, "पुराव्याशिवाय पितर नाही."

माझी परीक्षा विमानातच झाली होती.

"आजोबांचं नाव?"

"विश्वनाथ."

"वर जा."

"वर... आजोबांचे बाबा."

"त्यांना नाव होतं की नाही?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. "इंग्लिश मीडियम," अप्पांनी माझ्याकडे पाहून निदान केलं आणि ते झोपी गेले.

आयर्लंडमध्ये लोक अप्पांना वेड्यात काढतील अशी मला भीती होती. झालं उलटंच. आपल्या खापरपणजोबाबद्दल कुणी तरी विचारावं, याची या देशातला प्रत्येक माणूस जणू वाटच बघत होता. एकदा तर बसच्या ड्रायव्हरने सिग्नल हिरवा झाला तरी बस हलवली नाही. त्याच्या पणजोबाने दुष्काळात गाव कसं सोडलं ते सांगायचं राहिलं होतं. दुसऱ्या बाकावरच्या एका बाईने त्यात दुरुस्तीही सुचवली.

"अप्पा, इथे अनोळखी माणसाशी हवामानावर बोलतात," केदारदादा म्हणाला.

"हवामानाला पूर्वज असतात का?" अप्पांनी विचारलं.

२०१७चा ऑगस्ट होता. आमच्या शेजारी सेसिल थॉर्नली राहायचे. पत्नी गेलेली, मूलबाळ नाही. झुडपांचं कुंपण छाटतानाही टाय लावणारे. पाऊस आला तरी "ग्रँड", म्हणजे इथलं "उत्तम", कंबर दुखली तरी "ग्रँड". मी त्यांना दोन वर्षं रोज हॅलो म्हणत होते, त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. अप्पांनी पहिल्याच सकाळी कुंपणावरून त्यांना आजोबांचं नाव विचारलं.

तिसऱ्या पिढीला लोक अडखळतात, चौथीला थांबतात. सेसिल थांबलेच नाहीत. कात्री मिटून, डोळे मिटून ते एकेक नाव घेत वर चढत गेले आणि सर्वांत वरच्या पायरीवर म्हणाले, "जोनस थॉर्नली. इंग्लंडमधला विणकर. कॅथलिक राणीचं राज्य होतं. आपलं प्रॉटेस्टंट मत सोडेना, म्हणून त्याला जिवंत जाळलं."

अप्पांच्या तोंडून "वर जा" निघालं नाही. ते घाईघाईने आत आले. "अगं, हा मनुष्य हुतात्म्याच्या घराण्यातला निघाला! हे प्रॉटेस्टंट म्हणजे नक्की काय प्रकरण आहे?"

शाळेत मला 'धर्मसुधारणेची पाच कारणे' होती, चांगली आठ मार्कांना. स्वतःच्या पणजोबांचं नाव मला येत नव्हतं, ही पाच कारणं मात्र मी धडाधड म्हणून दाखवली.

"थोडक्यात, मध्ये भटजी नको," अप्पा म्हणाले. "पोथी ज्याची त्याने आपल्या भाषेत वाचायची."

"साधारण तसंच."

"आणि एवढ्यासाठी जाळलं?"

"हो."

अप्पा खिडकीतून सेसिलकडे बघत राहिले. "आणि त्याचा वंशज इथे शांतपणे झुडपं कापतोय," ते म्हणाले.

त्या वर्षी धर्मसुधारणेला पाचशे वर्षं होत होती. ऑक्टोबरअखेर सेसिलच्या चर्चमध्ये खास प्रार्थना होती, आणि तिथल्या पाद्र्यांनी त्यांना विनंती केली होती की उभं राहून जोनसपासून स्वतःपर्यंतची सगळी नावं वाचावीत. नावं त्यांना वडिलांकडून तोंडपाठ होती, पण मधल्या एका जागी बापलेकांना जोडणारा कागद नव्हता. "देवासमोर वाचायचं तर खरं असायला हवं," सेसिल म्हणाले. मी ते मराठीत सांगितलं आणि अप्पांचा चेहरा उजळला.

झालं, रोज चार वाजता अप्पा सेसिलच्या स्वयंपाकघरात जाऊन बसू लागले. शनिवार-रविवारी दुभाषी म्हणून मी. अप्पांची पद्धत कुलवृत्तांताची, त्यामुळे प्रश्नही तेच.

"कुलदैवत?" अप्पांनी विचारलं. मी इंग्रजीत समजावलं.

सेसिलनी विचार केला. "आपला नेहमीचाच देव असावा."

"कुलाचार? म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काय पाळतात?"

"जोनसच्या दिवशी आम्ही घरात विस्तव पेटवत नाही. आदल्या दिवशीचं थंड खातो."

"शिळासप्तमी!" अप्पा खुर्चीतून उठले. "चहासुद्धा नाही?"

"विजेची किटली चालते. माझ्या आजीने तसा निकाल दिला होता."

गोत्रापाशी गाडी अडली. रकाना मोकळा ठेवणं अप्पांच्या स्वभावात नव्हतं. दोन दिवस ते अस्वस्थ होते. मग शास्त्र आठवलं: ज्याला आपलं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. सेसिलना हे फार आवडलं. त्यांनी तो शब्द मला इंग्रजी अक्षरांत लिहायला लावला आणि प्रेसच्या दारावर चिकटवला. प्रेस म्हणजे इथलं कपाट.

हरवलेला दुवा मात्र मिळेना. जुनी कागदपत्रं डब्लिनच्या दप्तरखान्यात होती आणि १९२२च्या यादवीत तो दप्तरखानाच जळला होता. "आमच्या घराण्यात जळणं काही संपत नाही," सेसिल म्हणाले. अप्पांनी कागदाचा नाद सोडून दगड धरले. आम्ही तिघं बसने एका जुन्या दफनभूमीत गेलो. अप्पा ओल्या गवतात चपला काढून बसले आणि टूथब्रशने शेवाळ घासू लागले. "युअर मॅन न्यूमोनियाने जाईल," सेसिल मला हळूच म्हणाले; 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'हा गृहस्थ'. पण दगडावर अक्षरं उमटली. अमक्याचा मुलगा तमका. अप्पांनी त्यावर हात ठेवला. पुरावा मिळाला होता. सेसिल आता झुडपं छाटतानासुद्धा नावं मोठ्याने म्हणू लागले.

प्रार्थनेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला एकटीला बोलावलं. कॅनडातल्या कुणा नातलगाने त्यांना थुंकी पाठवून डीएनए तपासण्याचा डबा भेट दिला होता, आणि उन्हाळ्यात त्यांनी गंमत म्हणून तो भरून पाठवला होता. आता निकाल आला होता आणि पासवर्ड लागत नव्हता.

मी पान उघडलं. त्या नातलगाने सगळ्या थॉर्नलींचे निकाल तिथे एकत्र लावून ठेवले होते. आयव्ही ही त्यांच्या सख्ख्या काकांची मुलगी. तिचं सगळ्या थॉर्नलींशी जुळत होतं. सेसिलचं आयव्हीशी जुळत नव्हतं, कुणाही थॉर्नलीशी नव्हतं.

"नेट स्लो आहे," मी म्हटलं.

"नेट ग्रँड आहे," सेसिल म्हणाले. ते माझ्या मागे उभे होते.

मग त्यांनी सांगितलं. लहानपणी घरातली कामवाली कुणाला तरी म्हणाली होती, "बिचारं पोर, कुठून आणलं कुणास ठाऊक." तेव्हा इथे दत्तकाचा कायदाच नव्हता. मूल आणायचं, नाव द्यायचं आणि गप्प बसायचं. आईवडिलांना विचारायची त्यांची कधी छाती झाली नाही. "तुझ्या अप्पांना तूच सांग," ते म्हणाले. "म्हणावं, शेवटचं नाव खोडा. रविवारी मी वाचणार नाही."

एका घरातलं दुसऱ्या घरात नेणं मला आवडत नाही. पण निरोप होता, म्हणून सांगितला.

"म्हणजे दत्तक?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"मग... जोनस त्यांचा पूर्वज नाही ना."

अप्पांनी विमानात पाहिलं होतं तसंच माझ्याकडे पाहिलं. "इंग्लिश मीडियम," ते म्हणाले आणि पायात चपला सरकवल्या. "चल. एकही शब्द गाळू नकोस."

सेसिल टेबलाशी बसले होते. पहिल्यांदाच त्यांच्या गळ्यात टाय नव्हता. अप्पांनी खुर्ची जवळ ओढली.

"आमच्या पुस्तकात पानोपानी दत्तक आहेत. दत्तक आला की कूळ आलं. नावापुढे कंसात एक 'द' घालतो आणि वर जातो."

मी सांगितलं. सेसिलनी मान हलवली. "माझ्यात जोनसच्या रक्ताचा थेंब नाही."

"जोनस रक्तासाठी जळला का?" अप्पांचा आवाज चढला. "मतासाठी जळला ना? मत रक्तातून येत नाही, साहेब, घरातून येतं. तुम्हाला हाताला धरून चर्चमध्ये कोणी नेलं? ही नावं पाठ कोणी करून घेतली? त्या दिवशी थंड जेवण वाढलं कोणी?"

मी एकही शब्द गाळला नाही.  सेसिलनी अप्पांना न विचारता मला विचारलं, "ते खरंच असं मानतात? की मला बरं वाटावं म्हणून?"

मी भाषांतर केलं. अप्पा दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासत राहिले.

"त्याला सांग, मी दत्तक आहे," ते म्हणाले. "सातव्या वर्षी दूरच्या नात्यातल्या एका गृहस्थांनी मांडीवर घेतलं. आडनाव बदललं, गोत्र बदललं. ज्या घराण्याचा मी कुलवृत्तांत लिहिला, त्यात मी जन्मलेलो नाही."

हे वाक्य इंग्रजीत नेताना मी दोनदा अडखळले. सेसिल उठले, किटली भरली आणि तीन कप काढले.

रविवारी त्यांनी नावं वाचली. मी आणि अप्पा मागच्या बाकावर होतो. चर्चमध्ये फार माणसं नव्हती. जोनसपासून ते पायरी पायरी खाली आले, दगडावर सापडलेल्या नावापाशी क्षणभर थांबले, मग पुढे वडिलांचं नाव, आणि त्यानंतर तेवढ्याच स्पष्ट आवाजात स्वतःचं. अप्पांनी मान डोलावली.

सेसिल लोकांबरोबर चहाला थांबले. आम्ही दोघं बसथांब्यावर येऊन उभे राहिलो. अप्पांना परवा परत जायचं होतं. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलू लागले.

"आमच्या जन्मदात्या आईला काकू म्हणायचं ठरलं होतं. गाव एकच. देवळाच्या वाटेवर भेटायची. मी 'काकू' म्हणायचो, ती 'ओ' द्यायची." त्यांनी मफलर घट्ट केला. "ती गेली तेव्हा मी नोकरीला होतो. दत्तक गेलेल्या मुलाला तिचं सुतक तीनच दिवस. चौथ्या दिवशी ऑफिसात हजर झालो. साहेबांनी विचारलं, घरात कोण वारलं? मी म्हटलं, काकू. ते म्हणाले, हां, मग ठीक आहे."