कवेतलं माप

हिराकाकीच्या घरात शिलाई मशीन आहे, दोन कात्र्या आहेत, चिंध्यांची पोती आहेत, पण टेप नाही. लहान पोरांचे कपडे शिवणाऱ्या बाईकडे टेप नाही म्हटल्यावर नवीन गिऱ्हाईक दारातच थबकतं. मग काकी म्हणते, "मोजायची ती भिंत. पोर मोजायचं नसतं, धरायचं असतं." आणि समोरच्या पोराला धरते.

धरते म्हणजे कवेत घेते. गुडघे टेकून बसते, दोन्ही हात पसरते, पोराला छातीशी ओढते आणि डोळे मिटते. पोर वळवळतं, आईकडे बघतं. काकीचा एक हात पाठीवरून खाली येतो, दुसरा कमरेशी थांबतो. तोंडाने काहीतरी चालू असतं. आधी मला वाटायचं आकडे असतील. जवळून ऐकलं तर ती नुसतंच "हां, हां, हां" करत असते. मग सोडते आणि कात्री उचलते. झालं माप. मोजलेलं पोर खुंटतं, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. सासूचं आपण एवढं एकच ऐकलं, असं काकी वर सांगते.

काकीचं घर वसईत, माणिकपूरच्या मागच्या बाजूला. तीन अंगांनी बिल्डिंगा चढल्या आणि मध्ये हे कौलारू बैठं घर राहिलं. काकीच्या सासरची खाडीकडची भाताची जमीन कधीच गेली. अंगणात केळीचे दोन खुंट तेवढे उरलेत. काका वारले, तेव्हापासून ती एकटीच. मागच्या खोलीत आम्ही नवराबायको भाड्याने राहतो. मी वाशिमकडची. आठवीत शाळा सुटली, म्हणजे घरच्यांनी सोडवली. वसई ईस्टला एका गाळ्यात लहान मुलांचे कपडे शिवतात, तिथे मी धागे कापते. नवरा दुसऱ्या गाळ्यात पॅकिंगला. मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटते: मालक ओरडेल, खोली खाली करायला सांगतील, गॅस चालू राहिला असेल. काकीने पहिल्या दिवशी माझं तोंड बघूनच म्हटलं, "रडायचंय तर आधी रडून घे, मग पानी भर. नळ थोडाच वेळ असतो." इथे आल्यावर मला कोणी रडायला वेळ दिला तो तेवढाच.

शाळांमध्ये फॅन्सी ड्रेस निघाला की काकीच्या ओट्यावर रांग लागते. राजा आणि देव ती शिवत नाही. "राजे भाड्याने मिळतात, जा तिकडं," म्हणते. ती शिवते ते वांगं, केळफूल, छत्री, कोंबडी. केळफुलाला तिने अशा जांभळ्या पाकळ्या लावल्या होत्या की मूल स्टेजवर एकेक पाकळी सोडायचं आणि आतून पिवळं पिवळं निघायचं. एका मुलाला तिने पाण्याचा टँकर केला. निळ्या कापडाचं पिंप, मागे खराखुरा पाइप. तो स्टेजवर चढला तसा मागून कोणीतरी बाप ओरडला, "ए, बी विंगला आधी!" आणि सगळी शाळा हसली. पोराला बक्षीस मिळालं. काकीला विचारलं तर म्हणाली, "मिळनारच. पान्याला कोन नाय म्हनेल हिते?"

पण फसतंही पुष्कळ. कवेतलं माप जरा ऐसपैसच येतं. वांगं इतकं सैल झालं की बाईंनी माइकवर "आता येतोय भोपळा" असं सांगितलं. पोरगी तिथेच भोकाड पसरून, "मी वांगं आहे! मी वांगं आहे!" तिची आई तणतणत आली. काकी शांत. "पुढच्या वर्षी येईल ना बरोबर. वांगं काय एका वर्षाचं असतं?"

एक बाप मापं कागदावर लिहून घेऊन आला, छाती, कंबर, उंची, सगळं इंचांत. काकीने कागद उलटसुलट बघितला आणि परत दिला. "या कागदाला शिवू का मंग? पोर आना." पोर आणलं. चांगलं सहावी-सातवीतलं, मिसरूड फुटेल असं. ते मागे सरकत म्हणालं, "काकी, मी मोठा झालोय, शी!" काकी म्हणाली, "मोठा झाला तर मोठं शिवते, ये." आणि धरलंच त्याला.

तान्ह्या बाळाचं तर विचारू नका. झबलं शिवायला तिला चहा उकळतो तेवढा वेळ लागतो, पण माप घ्यायला दुपार जाते. बाळ तिच्या खांद्यावर झोपतं आणि ती अंगणात फेऱ्या घालत राहते. आई बाजार करून येते. "झालं का काकी माप?" "गप. झोपेतच नीट लागतं."

हे सगळं बघून मला काय वाटलं असेल, सांगते. माझी गौरी तेव्हा गावाला माझ्या आईकडे होती. चालायला लागली तेव्हा तिला ठेवून आले. दोघं गाळ्यावर गेलो तर तिला बघणार कोण? एवढं पोरांचं वेड असलेली बाई शेजारी आहे म्हटल्यावर मी धीर करून विचारलं, "काकी, गौरीला इकडे आणलं तर दिवसभर तुमच्याकडे राहील का?"

काकीने मशीन थांबवली नाही. "शिवून देईन. सांभाळनार नाय."

"त्रास नाही देत ती."

"नाय म्हटलं ना."

मी पुन्हा विचारलं नाही. खोलीत येऊन भाकरी थापली, ती करपली. वाटलं, परक्या गावचं लेकरू, कशाला सांभाळेल. दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाटीत कालवण झाकून ठेवलेलं होतं. म्हणजे राग नव्हता. मग काय होतं, ते मला कळेना.

हिवाळ्यात आईचा फोन आला. अंगणवाडीत कार्यक्रम आहे, गौरी फुलपाखरू होणार. मी काकीकडे गेले. गाळ्यातल्या सवयीने बोलले, "तीन-चारचं माप लागेल."

"तीन-चार काय? केळी?"

"वय, काकी. कपड्यावर तसं लिहितात."

"पोर कुठाय?"

"गावाला."

"मंग कपडा नाय." आणि तिने दोरा दातांनी तोडला. मी उभीच राहिले. जायला हवं होतं, पण पाय निघेनात. थोड्या वेळाने काकी वर बघत म्हणाली, "धरायचीस कशी तिला? दाखव."

मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. मग हात पुढे केले, रिकामेच. ती उजव्या बाजूला असायची, मान माझ्या गळ्याशी, पाय कमरेभोवती. हात आपोआप तसे झाले. काकी उठली, माझ्या हातांच्या मधल्या जागेत आपले हात घातले आणि डोळे मिटले. या वेळी "हां, हां" नव्हतं. मग पिवळं कापड काढलं आणि कापायला बसली. पंखांना तिने साडीच्या काठाची जर लावली. इतकं देखणं फुलपाखरू मी आमच्या गाळ्यातही बघितलं नाही.

सुट्टी मागून गावाला गेले. गौरीला ते घालायला घेतलं आणि पाठीवर ते मिळेचना. हात बाहीत अडकले. ओढलं तर शिवण उसवली. माझी आई म्हणाली, "लेकराचं आंग काय थांबते तुह्यासाठी?" आणि जुन्या लुगड्याचा तुकडा मागे जोडून तिने ते भागवलं. गौरी नाचली. मी पुढच्या ओळीत बसले होते. ती आजीकडे बघून नाचली.

घरी आल्यावर मी तिला उचललं. तिने अंग ताठ केलं आणि माझ्या खांद्यावरून आईला विचारलं, "आजी, हे बाई कधी जाईन?"

परत आल्यावर मी काकीला सगळं सांगितलं. कपडा लहान झाला म्हणून तिला वाईट वाटेल, अशी भीती होती. पण ते गौरीचं वाक्य माझ्या एकटीच्याने धरवत नव्हतं. काकीने मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"लहानच व्हनार," ती म्हणाली. "तुझ्या हाताला जुनं माप हाय. हात काय पोराबरोबर वाढत नाय."

मग तिने बाळूचं सांगितलं. बाळू तिच्या दिराचा मुलगा. जन्मला आणि त्याची आई गेली. काकीला मूल नव्हतं. सासूने ते ओलं बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने त्याला वाढवलं, शाळेत घालण्याएवढं केलं. मग दिराने दुसरं लग्न केलं आणि एका रविवारी बाळूला घेऊन तो विरारला राहायला गेला. कोणी भांडलं नाही. पोर त्याचंच होतं.

"दर सनाला कपडे शिवून पाठवायची," काकी म्हणाली. "डोळे मिटून हात असे करायची नि शिवायची. सगळे लहान. नवी आई म्हनायची, काकी मुद्दाम लहान शिवते, पोरगा उघडा पडावा म्हनून." ती हसली. "मंग पाठवायची सोडली."

"आता कुठे असतात ते?"

"हाय की विरारलाच. पोट सुटलंय. पोरीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेला, उभ्या उभ्या. मी म्हटलं, ये रे, माप घेते. हसला. घड्याळ बघितलं." काकीने मांडीवरचे दोरे झटकले. "तुला नाय म्हटलं ते म्हनून म्हटलं. धरलं की सोडायला लागतं."

मी तिच्या पायाशी पडलेल्या चिंध्या गोळा करत बसले. मग ती म्हणाली, "आन तिला."

"काकी, तुम्ही सांभाळाल?"

"तू गाळ्यावर जातेस तवाच. आलीस की तुझी. एक मिनिट जास्त ठेवनार नाय." आणि इतक्या जोरात मशीन सुरू केली की मला आभार मानता येऊ नयेत.

गौरीला आणलं तेव्हा ती वाटभर माझ्या आईच्या पदराचा तुकडा मुठीत धरून होती; तो आईने मुद्दाम फाडून दिला होता. ओट्यावर काकी बसलेली. पुढ्यात लाल ठिपक्यांचं कापड पसरलेलं, कात्री वर. वरच्या गॅलरीतून त्या वांग्याची आई बघत होती. म्हणाली, "आता बघा, काकी सोडते का हिला!"

गौरी थबकली. काकीचे हात उठले. मी बघितलं, ते पुरते पसरले होते. मग तिने ते मागे घेतले आणि पदराखाली घातले.

"तू घे," ती मला म्हणाली.

"मला नाही येत माप."

"बस खाली. धर."

मी गुडघे टेकले. गौरीला जवळ ओढलं. ती गावाला झाली होती तशीच ताठ झाली, लाकडासारखी. माझ्या ओळखीची एकही जागा सापडेना; मान गळ्याशी येत नव्हती, ती आता कानाच्याही वर जात होती. मला वाटलं, सगळ्यांसमोर ही आता रडेल, मला ढकलेल. माझे हात सैल व्हायला लागले.

काकी कापडावर मान खाली घालून बसली होती. हात अजून पदराखालीच.

"सोडू नको एवढ्यात," ती म्हणाली. "मला घाई नाय."