सॅम्युअलमामांचा डायनामो

आमचे शेजारी सॅम्युअलमामा कुणालाही आपल्या मोटारीत बसवण्याआधी त्याच्या चपला बघायचे. झिजलेल्या असल्या की म्हणायचे, "ह्या घसरत्यात. बूट घालून या." कारण त्या गाडीत बसायचं तर आधी तिला धक्का द्यावा लागायचा.

मामा दौंडला रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते. गाडी वडिलांची, साठ वर्षांची, आणि तिच्यातलं काही बदलायचं नाही हा मामांचा हट्ट. बॅटरी चार्ज करणारा डायनामो इतका थकलेला, की दिवे लावले तर हॉर्न वाजेना. "येका टायमाला येकच काम. मानूस तरी कुठं जास्ती करतंय?" असं वर आम्हालाच ऐकवायचे. डायनामो काढून नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवा, असं मी एकदा म्हणालो, तर आठ दिवस अबोला धरला.

एरवी धक्क्याला हक्काच्या त्यांच्या पत्नी, मार्थामावशी. रविवारी चर्चला निघताना मामा स्टिअरिंगवर, मावशी मागं पदर खोचून. इंजिन सुरू झालं की मामा थांबायचे नाहीत, कारण थांबलं की ते बंद पडायचं. मग मावशी पळत येऊन चालत्या गाडीत चढायच्या. आम्ही गॅलरीतून बघायचो आणि हसायचो.

मागच्या महिन्यात शिरूरला जाताना गाडी वाटेत बंद पडली. मावशींनी धक्का दिला, गाडी निघाली, मामा आपले बोलत बोलत पुढं. बऱ्याच अंतरावर मागं वळून बघतात तर सीट रिकामी! परत आले तेव्हा मावशी छातीला हात लावून कडेच्या दगडावर बसलेल्या. "दम लागला जरा. तुम्ही व्हा फुडं, येते मी." डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, पण आता धक्का नाही द्यायचा.

दुसऱ्याच दिवशी मामांनी डायनामो स्वतःच्या हातानं उतरवला. अल्टरनेटर बसवला, सगळी वायरिंग नवी ओढली आणि रेल्वेच्या शिस्तीनं प्रत्येक वायरीला तारीख-सहीची चिठ्ठी बांधली. मी चिठ्ठ्यांना दोरा देत होतो. मान वर न करता म्हणाले, "बोलत व्हतो रं तिच्याशी. हूं न्हाई का चूं न्हाई. लई भ्या वाटलं."

आता रविवारी किल्ली फिरवली की गाडी सुरू होते आणि उभ्या उभ्या चालू राहते. मावशी कुलूप लावतात, मग गॅस बघायला पुन्हा आत जातात. मी वरून हाक मारली, "मामा, हॉर्न द्या की, उशीर होतोय!"

"न्हाई," मामा म्हणाले, "येऊ दे तिला सावकाश."