बसता ओटा

अमरावतीच्या हॉलमध्ये आपल्या प्रदर्शनात मांडलेल्या एकाही वस्तूला कोणाचं बोट लागणार नाही, असं जेबाने छातीठोकपणे सांगितलं होतं. दोरी बांधली होती, "हात लावू नये" अशी पाटीही होती.

दोरीपलीकडे होता तिच्या अम्मीचा, कुलसुमबीचा, बसता ओटा. पोलिओने अम्मीचा एक पाय लहानपणीच गेलेला. उभ्या बायकांच्या मापाने तिने का रांधावं? अकोल्याच्या घरी तिने गवंड्याला दटावून गुडघ्याएवढा ओटा करवून घेतला होता. जेबाने तो लाकडात हुबेहूब उभा केला. त्यावर अम्मीचा वातीचा स्टोव्ह, पातेलं, आणि तिच्या हातच्या चहामसाल्याची शेवटची बरणी. अम्मी गेल्यापासून जेबाने ती उघडली नव्हती. वास उडून जाईल म्हणून.

प्रदर्शन मुंबईला न्यायचं की नाही, हे तिथल्या कलादालनाच्या रागिणी मॅडम ठरवणार होत्या. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत बाहेरून येणारा जो तो वऱ्हाडात रडणारी बाई शोधत येई. ती आपल्याकडे सापडायची नाही, असं ठरवूनच जेबा मॅडमना आणायला स्टेशनवर गेली.

इकडे वलगावहून बेबीताई हॉलवर आल्या. अम्मीची जुनी मैत्रीण, भाजीवाली. पेरणीच्या घाईत मयतीला येणं राहिलं, म्हणून आता भेटायला, सोबत दूध, साखर, चहापत्ती, आलं घेऊन. समोर कुलसुमबीचा फोटो, तिचा ओटा, भोवती गप्प उभी माणसं. हे मयतीचं घर नाही तर काय? आणि अशा घरी चहा आल्यागेल्यांनीच करायचा असतो. त्यांनी दोरी सोडली, नीट गुंडाळून ठेवली, आणि स्टोव्ह पेटवला.

जेबा मॅडमना घेऊन आली तेव्हा पाटीखाली पंगत बसली होती. बरणी रिकामी. 

"मावशी, हे प्रदर्शनातलं हाय," ती कशीबशी म्हणाली.

"असू दे. तू बस. घरच्या पोरीनं चहा मांडू नये. अन् ओटा काय सोयीचा हाय वो! माये गुडघे उभ्या ओट्यानंच गेले."

बेबीताईंनी मॅडमनाही पाटावर बसवून आलं किसायला दिलं. प्रेक्षकांना चहा पाजायची ही कल्पना सुचली कशी, असं मॅडम किसता किसता कौतुकाने विचारत होत्या. जेबाने उत्तर टाळायला चहाचा घोट घेतला. अम्मीचाच चहा! इतके महिने आवरलेलं रडू भर हॉलमध्ये फुटलं.

"अम्मीच्या हातचा शेवटचा मसाला होता तो, मावशी."

बेबीताई बघतच राहिल्या. "तिच्या हातचा? बापा! ते कुठं कुटत होती? मीच देत होती दर दिवाळीले. अर्धा डबा हाय घरी."

म्हणजे जेबा जपत होती तो वास वलगावला मजेत नांदत होता. रडता रडता तिला हसू आलं. तिने बेबीताईंचे हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

प्रदर्शन मुंबईला न्यायचंच, पण अस्संच, असं मॅडमनी जाहीर केलं.

"मावशी, याल मुंबईले?" जेबाने विचारलं.

"येतो ना. पण तिथं एवढ्या लोकायचे कप कोण धुते, ते या बाईले आधी विचार."