जुगार कायदेशीर, नाती बेकायदेशीर

ऑनलाइन जुगार कायदेशीर आणि सुरक्षित कसा ठेवावा, हे अख्ख्या माल्टात माझ्याइतकं कुणाला कळत नाही. ही बढाई नाही. माझ्या दारावर तशी पाटीच आहे: ‘चेन्सू मिफ्सूद, नियमपालन अधिकारी.’ आमचा देश एवढासा, की गाडी चौथ्या गिअरमध्ये पडेपर्यंत समुद्र लागतो. पण इतर देशांत लोक जो जुगार चोरूनमारून खेळतात, तो आम्ही परवाना काढून, कर भरून, एसीत बसून चालवतो. चोरून करायची गोष्ट परवान्यासकट केली की तिला उद्योग म्हणतात.

मला मात्र खरी आस होती ती आमच्या गावच्या संताच्या, सान रोक्कूच्या, मूर्तीला खांदा द्यायची. फेस्तेला, म्हणजे गावच्या जत्रेला, ती मूर्ती, पायाशी बसलेल्या कुत्र्यासकट, आठ जण वाहतात. त्या आठांत शिरणं मंत्रिमंडळात शिरण्याहून अवघड, कारण मंत्री अधूनमधून पडतात तरी. इथे जागा बापाकडून मुलाकडे किंवा मामाकडून भाच्याकडेच जाते, परक्याला मिळत नाही. यंदा त्या आठांतल्या माझ्या झारेनमामाचा गुडघा गेला. गुडघा बरा व्हावा म्हणून मी देवळात मेणबत्तीही लावली, पण फार मोठी नाही.

फेस्ता रविवारी होती. बुधवारी आमच्या स्वीडिश मालकांनी, लिंडक्विस्ट साहेबांनी, मला बोलावलं.

“चेन्सू, शुक्रवारी सरकारी तपासणी आहे. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनी आपल्या साइटवर खेळायचं नाही, असा आपला नियम. तुझा एकही नातेवाईक सापडता कामा नये.”

“किती लांबचा, साहेब?”

“तुला जे जे नातेवाईक वाटतात, ते सगळे.”

स्वीडनमध्ये माणसाला असे चार-पाच जण वाटत असावेत. मी कामाला बसलो. सुरुवातीला नावं वाचत होतो, मग कंटाळलो आणि गल्लीच्या गल्ली बंद करत सुटलो. संध्याकाळी आमच्या गावात एकही खातं उघडं नव्हतं. प्रत्येकाला संदेश गेला: ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी तुमचं जुगाराचं खातं बंद करण्यात आलं आहे.’

संदेश आले नवऱ्यांच्या फोनवर, वाचले बायकांनी. त्या संध्याकाळी गावात सुरक्षित असा एकही नवरा उरला नाही.

मामा लंगडत माझ्या दारात आला. “तुझी मामी विचारतेय, कसलं खातं? मी तिला आजवर सांगत आलो की मी फोनवर हवामान बघतो.”

“मामा, नियम आहे. तू माझा नातेवाईक ना?”

“नसलो तर?”

“तर खातं चालू. पण तपासनिसासमोर येऊन तसं सांगावं लागेल.”

“बायकोच्या शिव्या तर खाऊन झाल्या,” मामा म्हणाला. “आता निदान खेळू तरी दे.” आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पत्ता विचारायला आलेला पर्यटक होतो.

शुक्रवारी आमच्या कचेरीबाहेर अख्खं गाव रांगेत उभं. तपासनीस होता क्लेटन बुहाजार, माझ्या आईच्या चुलतबहिणीचा मुलगा. मला जरा धीर आला. “क्लेटन, बस रे.”

“मिस्टर बुहाजार म्हणा,” तो म्हणाला. “मी तुमचा कोणी असतो, तर मला ही तपासणी करता आली असती का?”

सगळ्यात आधी मामा आत आला. “हा माणूस माझा कोणी नाही.”

“पण हे तुम्हाला मामा म्हणतात.”

“तो कुणालाही म्हणतो. घरच्यांनी वळण लावलं नाही.”

मग माझा चुलतभाऊ विस्तीन आला. आम्ही दोघं एका पाळण्यात झोपलेलो. म्हणाला, “तोंडओळख आहे.” बुहाजारने त्याचं नाक पाहिलं, माझं नाक पाहिलं.

“नाक सारखंच दिसतंय.”

“आमच्या गावात तेच मिळतं,” विस्तीन म्हणाला.

दुपारपर्यंत मला जगात कोणी उरलं नाही. पण बुहाजार खूश होता. “इतका निष्कलंक अधिकारी मी पाहिला नाही,” तो साहेबांना म्हणाला. “सोमवारी सगळी खाती उघडा. तोवर माझं लक्ष असेल.” साहेबांनी माझा हात इतका हलवला, की मूर्तीसाठी राखलेला माझा खांदा शाबूत राहतो की नाही याची मला काळजी वाटली.

रविवारी खांद्याला उशी बांधून मी देवळाच्या दारात हजर झालो. बँड तयार, मूर्ती तयार. पाद्री दुन साल्व यांनी मला अडवलं.

“कुणाच्या जागी?”

“झारेनमामाच्या.”

“तुझा मामा? शुक्रवारी तर तो नाही म्हणाला. गावभर झालंय.” ते मामाकडे वळले. “झारेन, हा तुझा भाचा आहे की नाही? देवळाच्या दारात विचारतोय.”

मामाचं तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला गर्दीत बुहाजार दिसला. रिकोटा चीज भरलेली पस्तीत्सी खात, अगदी पुढच्या रांगेत. मामाने तोंड मिटलं आणि बँडकडे पाहू लागला. मी विस्तीनकडे पाहिलं, तो कुत्र्याच्या शेपटीवरची धूळ पुसायला लागला.

“परक्याला खांदा देता येत नाही, बाळा,” दुन साल्व हळू आवाजात म्हणाले. “तुझं म्हणणारं कोणी तरी आण.”

माझे डोळे भरून आले. बायकांमध्ये आई उभी होती, पंख्याने वारा घेत. मी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेलो. “मा, तू तरी सांग यांना, मी कोण ते.”

आईने एकदा बुहाजारकडे पाहिलं, पंखा तोंडापुढे धरला आणि कुजबुजली, “उद्यापर्यंत कळ काढ की जरा. माझंही खातं उघडायचंय.”