पायरीवरची चौकशी समिती

माझे रोजचे काही नेम आहेत. पहाटे उठून जप करणं, दिवसभर कोणाला उणंदुणं न बोलणं आणि एका गरजू माणसाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय अन्नाला न शिवणं. यांतला शेवटचा नेम सर्वांत सोपा. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर एक आजोबा बसत. मी जायची, डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची, त्यांच्या हातावर नाणं ठेवायची आणि घरी येऊन पोटभर जेवायची. डोळे मिटण्यामागे भक्तीच होती. समोरचं काही दिसत नसे, हा वरचा लाभ.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमचे हे निवृत्त झाले. ह्यांनी नोकरीभर लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या. आता घरी कोणी अर्ज करत नव्हतं, म्हणून ह्यांनी माझ्या नेमात लक्ष घातलं.

"गरजू कशावरून?" जेवताना ह्यांनी विचारलं.

"पायरीवर बसतात हो ते."

"पायरीवर काय, मीही बसेन. उद्या निघालं की म्हाताऱ्याची दोन घरं आहेत, तर तुझा नेम आपोआप रद्द. म्हणजे आजवर तू जेवलीस ते सगळं विनापरवाना."

माझा घास हातातच राहिला. पैसे गेल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. पण पुण्य भलत्याच माणसाच्या नावे खर्ची पडत असेल तर?

मी हा प्रश्न आमच्या प्रार्थना मंडळात हळूच मांडला. मंडळाच्या अध्यक्षा म्हणजे हेडबाई. त्यांनी शाळा सोडून बरीच वर्षं झाली, तरी आम्ही अजून बोट वर करूनच बोलतो.

"डोळे मिटून देणं हा निव्वळ आळस आहे," हेडबाई म्हणाल्या. "चौकशी झाली पाहिजे."

लगेच समिती नेमली गेली. हेडबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी. जाऊबाईंनी आजवर कोणालाच काही दिलेलं नसल्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दुमत नव्हतं. निकषही ठरले. मागणारा माणूस सराईत असण्याचा संभव असल्याने खरा गरजू तोच, जो मागत नाही. कपडे स्वच्छ असतील तर गरज नाही. मळके असतील तर सुधारण्याची इच्छा नाही. सबब कपडे मध्यम असावेत. आणि निर्णय होईपर्यंत दान स्थगित, कारण मध्येच काही दिलं तर त्याची गरज तेवढ्याने कमी होऊन पुराव्यात ढवळाढवळ होईल.

"पण माझं जेवण?" मी बोट वर करून विचारलं.

"दुपारपर्यंत आटपेल गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडळाच्या घडीच्या खुर्च्या घेऊन गेलो आणि पायरीसमोर ओळीने मांडल्या. आजोबांनी आधी खुर्च्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कोणी गेलं का?" त्यांनी विचारलं.

"प्रश्न आम्ही विचारणार," हेडबाई म्हणाल्या. "व्यसन?"

"चहा."

हेडबाईंनी जाऊबाईंकडे सूचकपणे पाहिलं. "मिळालेल्या पैशांचं काय करता?"

"खातो."

"सगळे?" जाऊबाई उसळल्या. "काही मागे टाकत नाही?"

"टाकले असते तर तुम्ही म्हणाला असता, याच्याकडे आहेत."

"उलट उत्तरं देतो," जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या. "खऱ्या गरजूला एवढं सुचत नाही."

रस्त्यावरून जाणारे लोक थांबून पाहत. कोणी खिशात हात घातलाच, तर हेडबाई प्रकरण चौकशीत असल्याचं सांगत आणि तो हात समाधानाने रिकामा बाहेर येई. चौकशीचं हे पहिलं ठोस फलित.

दुपारी समिती जेवणासाठी उठली. दोघी घरी जाऊन जेवल्या. मला नेम होता. दुसऱ्या कोणाला द्यावं, तर त्याचीही चौकशी आली. दोघी वामकुक्षी उरकून परतल्या आणि पुन्हा प्रश्न सुरू झाले. संध्याकाळी हेडबाईंनी निर्णय राखून ठेवला. शेजाऱ्यांच्या साक्षी बाकी होत्या.

"पण मी..."

"एक दिवस उपास घडला तर पुण्यच लागतं," जाऊबाई म्हणाल्या आणि खुर्च्या उचलून दोघी गेल्या.

मला भोवळ आली. मी मटकन पायरीवर बसले, आजोबांच्या शेजारी. तेवढ्यात दुकानातून औषधं घेऊन एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी माझ्या हातावर नाणं ठेवलं.

"काहीतरी खाऊन घ्या, आजी," ते म्हणाले आणि निघून गेले. कसली म्हणून चौकशी नाही! त्यातून 'आजी' जास्त लागलं.

"नशीब आहे तुमचं," आजोबा म्हणाले. "माझी तर आज भवानीही झाली नाही, तुमच्या खुर्च्यांपायी." त्यांनी पिशवीतून कालचा पाव काढला आणि अर्धा मोडून माझ्यापुढे धरला. "घ्या. पांढऱ्याफटक पडलात."

"नको हो. माझा नेम आहे." मी नेम सांगितला.

"म्हणजे मी घेतलं तरच तुम्ही खाणार?"

"हो."

"आणि मी घ्यायचं नाही, असं तुमच्याच समितीचं म्हणणं?"

"हो." मी ते नाणं त्यांच्यापुढे धरलं.

आजोबांनी मला नीट न्याहाळलं. "हातीपायी धड आहात. घर आहे, नवरा आहे. हे असं हात पुढे करणं शोभतं का तुम्हांला? आज तुमचं घेतलं, तर उद्या मंडळातल्या सगळ्याच येतील."

"घ्या हो, आजोबा. डोळ्यांपुढे अंधारी येतेय भुकेनं."

हे वाक्य मी कितीदा ऐकलं होतं. त्यांच्याच तोंडून, डोळे मिटून.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नाणं घेतलं, पाव दिला. आम्ही दोघं खात राहिलो. पायरीवर त्यांचा पाय लांब केलेला होता; घोट्यापासून वरपर्यंत पट्टी, कडेनं पिवळट झालेली.

"अगं बाई, हे कधीपासून?"

"तुमचा नेम कधीपासून?" आजोबांनी विचारलं.

यथावकाश शेजाऱ्यांच्या साक्षींसह अहवाल आला. आजोबा अपात्र ठरले, कारण ज्याच्याकडे दुसऱ्याला द्यायला पाव आहे, तो गरजू असूच शकत नाही. सर्व निकषांवर उतरलेली एकच व्यक्ती आढळली. तिने मागितलं नव्हतं, कपडे मध्यम होते आणि उलट उत्तर देण्याचं त्राणही तिच्यात नव्हतं. हेडबाईंनी माझं अभिनंदन केलं. मी समितीचा राजीनामा दिला.

आता मी डोळे उघडे ठेवून देते. पहिल्याच दिवशी ती पट्टी खरी आहे ना, हेही हळूच वाकून पाहिलं. देवाशी खोटं कशाला बोलू?

एवढं वाचूनही, त्या म्हाताऱ्याची दोन घरं होती की नव्हती हे शेवटपर्यंत कळलंच नाही, अशी रुखरुख आपल्याला लागून राहिली असेल, तर समितीत माझी जागा रिकामी आहे. येताना जेवून यावं.