दर सेकंदाला

दाताच्या दवाखान्यात आत कितवा नंबर चालू आहे ते बाहेरच्या पडद्यावर दिसावं आणि पेशंटला घरबसल्याही बघता यावं, एवढंच काम होतं. डॉक्टर त्यासाठी एका कंपनीला बोलावणार होते. पण त्यांचे जावईबापू पडले प्रोग्रामर. भर जेवणात बोलून गेले, "बाबा, मी असताना बाहेरचा माणूस कशाला?" झालं. सासऱ्यांवर छाप पाडायची दोन वर्षांतली पहिली संधी, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने गळ्यात बांधून घेतली.

सोमवारी सकाळी सगळं तयार झालं. पडद्यावरचं आणि पेशंटच्या फोनवरचं पान 'नंबर पुढे सरकला का' असं दवाखान्याच्या कॉम्प्युटरला किती वेळाने विचारणार, तेवढं ठरवायचं होतं. शहाण्या माणसाने वीस सेकंद ठेवले असते.

"दर सेकंदाला," जावईबापू ऐटीत म्हणाले.

"एवढी कसली घाई?" काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "एक दात काढायला अर्धा तास लागतो."

जावईबापूंनी ते कानाआड केलं आणि सासूबाईंनाही कौतुकाने लिंक पाठवली.

बारा वाजता एक्स-रे उघडेना. काउंटरवरच्या बाईंच्या टेबलाखालच्या त्याच जुन्या कॉम्प्युटरमध्ये एक्स-रे होते, आणि तो नंबरांची उत्तरं देण्यातच गुंतला होता. आत खुर्चीत एक मास्तर आ वासून बसलेले.

"जावईबापू," आतून डॉक्टरांचा आवाज आला, "हे पंधरा मिनिटं असेच बसलेत. मीही बसू का शेजारी?"

जावईबापूंनी एका सेकंदाची थेट पाच मिनिटं केली. त्यामुळे पडद्यावर नऊ नंबर दिसत असताना आत दुसऱ्या खुर्चीत अकरावा जाऊन बसला. दहा नंबरच्या बाईंनी भांडण काढलं. एक्स-रे मात्र अजूनही ढिम्म.

डॉक्टर बाहेर आले. "पाच वाजता कंपनीच्या माणसाला बोलावतो," ते शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर जावईबापूंना बरं वाटलं असतं.

कोण किती वेळा विचारतंय याची नोंद जावईबापूंनी उघडली. जवळजवळ सगळे प्रश्न एकाच घरातून येत होते. ते घर सासऱ्यांचं होतं.

"आई, ते नंबरचं पान उघडं आहे का?" त्यांनी फोनवर विचारलं.

"हो, फार छान केलंयत. हे कधी येतील त्याचा अंदाज येतो. मी दर पाच मिनिटांनी कॉम्प्युटरवर बघते."

"एकच पान उघडलंय ना?"

"एकच कसं? दर वेळी लिंक दाबून ताजं उघडते. शिळं कशाला बघायचं?"

"आणि आधीची?"

"आहेत की वर ओळीने. मी काही कुणाला हात लावला नाही."

मोजली तर एकतीस निघाली. सकाळी उघडलेली ती पानं सकाळचाच हुकूम पाळत होती. बारानंतरचा बदल त्यांच्या गावीही नव्हता.

जावयाच्या सांगण्यावरून सासूबाईंनी एकूणएक पानं बंद केली आणि एक्स-रे चटकन उघडला. मास्तरांनी तोंड मिटलं. जावईबापूंनी निमूटपणे वीस सेकंद ठेवले आणि आता पाच वाजण्याची वाट बघत बसले.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. बाईंनी आत डोकावून विचारलं, "डॉक्टर, वहिनी विचारतायत, किती राहिले?"

"सहा."

पाच मिनिटांनी पुन्हा वाजला. "किती राहिले?"

"सहाच."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा डॉक्टरांचा हात मास्तरांच्या दाढेवर थबकला. "सकाळपासून हिचा एकही फोन नव्हता का?"

"एकही नाही," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत पहिल्यांदाच. मी म्हटलं, वहिनी गावाला गेल्या की काय."

डॉक्टर हातमोजे तसेच ठेवून बाहेर आले. "कंपनीच्या माणसाला नको म्हणून कळवा. जावईबापू, संध्याकाळपर्यंत नवा कॉम्प्युटर आणा. एक्स-रे त्यात घाला."

"आणि हा जुना?"

"हा तुमच्या सासूबाईंसाठी राहू दे. विचारू दे तिला दर सेकंदाला," डॉक्टर म्हणाले. "वीस वर्षं मी उत्तरं दिली, आता हा देईल."